न कुजलेली चड्डी

ऑर्लिन हॉगस्टॅड ट्वेट बाईंच्या नजरेत भरला तो एका भोकामुळे. सत्तावन्न सालचा सप्टेंबर होता. बाई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या आणि एका खोलीच्या शाळेत पहिलीपासून आठवीपर्यंतची सगळी मुलं एकट्या सांभाळत होत्या. ऑर्लिन सात वर्षांचा होता. आपलं नाव लिहिताना त्याचं एक अक्षर चुकलं, ते त्याने खोडलं. खोडल्याचा काळपट डाग राहिला, म्हणून डागही खोडला. कागद पातळ होत चालला तरी जीभ दातांत धरून तो खोडतच राहिला. शेवटी कागदाला आरपार भोक पडलं. बाईंनी मान वर केली तेव्हा तो त्या भोकातून त्यांच्याकडे बघत होता.

"आता डाग नाही, बाई," तो म्हणाला.

बाईंना हसू आलं. त्यांनी पानाच्या कोपऱ्यात लाल शाईने 'स्वच्छ' असं लिहिलं आणि शेजारी एक सोनेरी चांदणी चिकटवली.

पुढे हॉगस्टॅडांची जमीन थोरल्या भावाकडे गेली. ऑर्लिनच्या वाट्याला घर आणि यंत्रांची शेड एवढंच आलं. बाईंनी लग्न केलं नव्हतं. वडिलांच्या माघारी महामार्गालगतची तीनशे वीस एकर जमीन त्यांच्या एकटीच्या नावावर राहिली. ती त्यांनी ऑर्लिनला कसायला दिली. दर पाच वर्षांनी, नोव्हेंबरात, बाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कराराचा कागद व्हायचा. दोघं सह्या करायचे, ऑर्लिनची सही बाईंच्या सहीपेक्षा वळणदार असायची. मग बाई बटाट्याच्या लुसलुशीत पोळीवर, लेफ्सावर, लोणी आणि साखर घालून त्याची गुंडाळी ऑर्लिनच्या हातात ठेवायच्या. असे सहा कागद झाले होते. सातवा बाईंच्या एक्याऐंशीव्या वर्षी, नोव्हेंबरात व्हायचा होता. ही जमीन गेली तर ऑर्लिनकडे कसायला वीतभर मातीही उरणार नव्हती.

उत्तर डकोटाच्या त्या गावात शेताची परीक्षा रस्त्यावरून होते. सकाळी सहा वाजता धान्यकोठाराच्या कचेरीत सात-आठ जण पातळ कॉफी पीत बसतात, आणि येताना कोणाच्या शेतात काय दिसलं ते सांगतात. गव्हात एखादी रानमोहरी डोकं वर काढून उभी असेल तर ती कॉफीबरोबर दिवसभर चघळली जाते. ऑर्लिनच्या शेतात तीस वर्षांत अशी एकही मोहरी कोणाला सापडली नव्हती. पेरणीआधी एकदा, पीक वीतभर झालं की एकदा, कापणीच्या तोंडावर एकदा आणि कापणी झाल्यावर पुन्हा एकदा तो औषध मारायचा. तणनाशकाला तिथेही औषधच म्हणतात. दर तिसऱ्या वर्षी अर्धं शेत तो मोकळं ठेवायचा. मोकळं म्हणजे उन्हाळाभर पीक नाही, आणि हिरवं काही दिसलं की लगेच फवारणी. महामार्गावरून जाताना ती जमीन पुसलेल्या फळ्यासारखी दिसायची. कोठाराचा व्यवस्थापक डेल रुस्टाड नव्या माणसाला सांगायचा, "ऑर्लिनच्या रानात जेवायला बसशील तर ताट नको. खालीच वाढून घे."

ऑर्लिन हे ऐकून मान खाली घालायचा आणि त्याचे कान लाल व्हायचे. बाईंना ते कान सात वर्षांच्या मुलाचे म्हणून ओळखीचे होते.

पण बाई त्या जमिनीच्या कडेला राहत होत्या आणि त्यांना खिडकीतून बघायला वेळ होता. त्यांच्या लहानपणी वसंतात नांगरामागे किडे टिपत कुरव पक्ष्यांचा पांढरा थवा चालायचा. आता ऑर्लिनचं यंत्र फिरायचं तेव्हा पक्षी वरून नुसते बघून गावाच्या कचराडेपोकडे निघून जायचे. पूर्वी पावसाचं पाणी तासाभरात मुरायचं, आता दोन-दोन दिवस साचून राहायचं आणि त्याच्यावर आभाळ दिसायचं. मागच्या वर्षी टाकलेला गव्हाचा पेंढा पुढच्या वर्षी तसाच पिवळा पडून असायचा. ओंजळभर माती उचलली तर तिला कसलाच वास यायचा नाही. बाई मात्र काही बोलल्या नाहीत. त्याच्या कष्टात खोट काढणं त्यांच्या जिवावर यायचं.

ऑर्लिनला एकच मुलगी होती, मारित. आई गेल्यावर ती शहरातली नोकरी सोडून घरी आली आणि मला शेती करायची आहे म्हणाली. ऑर्लिनने तिला रस्त्यालगतचा तीन एकरांचा सखल तुकडा दिला. तिने त्यात ओट, वाटाणा, मुळा, सूर्यफूल आणि क्लोव्हरचा चारा असं सगळं एकत्र पेरलं. जूनमध्ये त्या तुकड्यात मधमाश्यांची नुसती झुंबड होती. बाई काठी टेकत तिथपर्यंत जाऊन उभ्या राहायच्या.

एका सकाळी कॉफीच्या टेबलावर डेल म्हणाला, "ऑर्लिन, म्हातारपणी दाढी वाढवलीस की काय?"

"कसली दाढी?"

"रस्त्याकडेची रे. तुझ्या हनुवटीवर काहीतरी उगवलंय. परवा माझी बायको म्हणाली, बिचारा थकला बहुतेक."

सगळे हसले. ऑर्लिनने कॉफी अर्धी टाकली.

दुसऱ्या दिवशी मारित बाजाराहून आली तेव्हा तीन एकर ओले होते, आणि आठवड्याने पिवळे. ती बापापुढे उभी राहिली. बाई कुंपणाशीच होत्या, त्यांनी सगळं ऐकलं.

"वारा फिरला," ऑर्लिन म्हणाला. "मी पलीकडच्या गव्हात मारत होतो."

"वारा पट्टी लावून फिरतो का हो बाबा?" मारितने बोट दाखवलं. पिवळ्या तुकड्याची कड चारी बाजूंनी सरळ होती, काटकोनांसकट.

ऑर्लिन त्या कडेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लोक काय म्हणतात माहीत आहे तुला?"

"लोक तुमची जमीन कसायला येतात का?"

"घाण दिसत होती, मारित."

मारितने तिथेच खाली बसून एक मेलेलं सूर्यफूल उपटलं, त्याच्या पायात टाकलं आणि ती गाडीत जाऊन बसली. त्या दिवसापासून ती गावात खोली घेऊन राहिली. बाईंनी तिला जुन्या शाळेमागचं पाच एकर कुरण दिलं. ऑर्लिनने त्याबद्दल बाईंना एका शब्दानेही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी ऑर्लिनने महामार्गाकडेच्या शंभर एकरांत वाटाणा पेरला. वाटाणा उगवला, बोटभर वाढला आणि जूनच्या मध्यात पिवळा पडून थांबला. डेलने बाटलीतलं कसलंसं नवं खत सुचवलं, तेही ऑर्लिनने घातलं. शेवटी बाईंनी जिल्ह्याच्या मृदा कचेरीतल्या जोलीनला बोलावलं. ती तिशीची, मोठ्याने बोलणारी बाई होती. तिने कुदळीने एक रोप मुळासकट काढलं आणि बादलीत धुतलं. मुळं पांढरी आणि गुळगुळीत होती.

"इथे गाठी पाहिजेत," ती म्हणाली. "मोहरीच्या दाण्याएवढ्या, आतून गुलाबी. त्यांच्यात जिवाणू राहतात, हवेतला नत्र ओढून रोपाला देतात. हे रोप उपाशी आहे. त्याला वाढणारं कोणी नाही."

"बियाणं खराब असेल," ऑर्लिन म्हणाला.

"हे बियाणं मारितच्या रानात गुडघाभर आहे, तिने तुमच्याच पोत्यातून नेलं होतं. ऑर्लिन, दोन वर्षांपूर्वी गव्हात कुठलं औषध मारलं होतंत?"

ऑर्लिनने सांगितलं. मात्रा, तारीख आणि वाऱ्याची दिशासुद्धा सांगितली, त्याच्या वहीत सगळं होतं.

"ते अजून आहे इथे. दोन वर्षं पाऊस कमी, माती खारवट, ते जाईल कुठे? आणि बाकीचं म्हणाल तर तुम्ही एकेक वर्ष जमिनीत एक मूळसुद्धा जिवंत ठेवत नाही. खालची बुरशी, जिवाणू, सगळे मुळांवरच जगतात. त्यांनी खायचं काय? औषधाने जे मेले ते मेले, उरलेल्यांना तुम्ही उपाशी ठेवलंत."

"माझं रान स्वच्छ आहे," ऑर्लिन म्हणाला.

जोलीन बाईंकडे वळली. त्या उन्हाळ्यात तिच्या कचेरीने जिल्हाभर एक गंमत काढली होती. सुती चड्डी शेतात पुरायची, वर झेंडा लावायचा आणि दहा आठवड्यांनी उकरायची. माती जिवंत असेल तर ती सूत खाऊन टाकते आणि इलॅस्टिक तेवढं परत देते. गावातल्या दहा जणांनी नावं दिली होती. "ऑर्लिनचंही नाव घालू का?" जोलीनने विचारलं.

"घाला," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून त्या ऑर्लिनला म्हणाल्या, "ऑर्लिन, नोव्हेंबरचा कागद मी त्यानंतरच करीन. तुझी चड्डी काय म्हणते ते आधी बघू."

ही गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता कॉफीच्या टेबलावर होती. डेलने तिची पुरती मजा लुटली. "तीनशे वीस एकर एका चड्डीत अडकलेत रे! ऑर्लिन, नाडी घट्ट बांध."

ऑर्लिनने गावातल्या दुकानातून नव्या पांढऱ्या चड्ड्यांचं पाकीट आणलं. वापरलेली पुरणं त्याला बरं वाटेना. इलॅस्टिकवर त्याने न पुसणाऱ्या शाईने आपलं नाव घातलं, वळणदार. जोलीनच्या देखत ती शेताच्या मध्यावर टीचभर खोल पुरली आणि लाल झेंडा रोवला. मग तो रोज संध्याकाळी गाडी थांबवून त्या झेंड्याकडे बघू लागला. मागे हात बांधून तो उभा राहायचा आणि परत जायचा. बाई खिडकीतून पाहायच्या. तो काय करतोय ते त्यांना कळत नव्हतं, पण परीक्षेच्या आधी वर्गाबाहेर तो असाच उभा राहायचा.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी चर्चच्या तळघरात कापणीचं जेवण होतं. अंडी-नूडल्सचे पसरट भांड्यांतले प्रकार, लाल जेली आणि कॉफीचे दोन मोठे हंडे मांडले होते. एका भिंतीवर जोलीनने कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती आणि चिमट्यांना अकरा चड्ड्या लावल्या होत्या. खरं म्हणजे दहा ठिकाणी चिंध्याच होत्या. कोणाची अर्धी गेली होती, कोणाची पाऊण. मारितच्या चिमट्याला फक्त इलॅस्टिक लोंबत होतं आणि शिवणीचे दोन दोरे. अकरावी चड्डी अख्खी होती. मातीने थोडी चहाच्या रंगाची झाली होती, बाकी कुठे बोटाएवढंही भोक नव्हतं.

मग डेलने चड्डीचं इलॅस्टिक दोन बोटांनी ताणून सोडलं. त्याचा टप्प असा आवाज झाला.

"धुतली तर उद्या चर्चला घालून येता येईल," डेल म्हणाला.

हसण्याचा लोंढाच आला. ज्यांनी तीस वर्षं त्या शेताचं कौतुक केलं होतं तेच सगळ्यांत मोठ्याने हसत होते. कोणीतरी म्हणालं, "मढ्याला घालायला चांगली आहे, शंभर वर्षं जाईल." एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "अगं बाई, मला वाटलं दुकानातली नमुन्याला ठेवलीय."

जोलीनला राहवेना. तिने हळू विचारलं, "ऑर्लिन, झेंड्याभोवती काही मारलं होतंत का?"

"दोनदाच," ऑर्लिन म्हणाला. "तण उगवलं होतं. लोक बघायला येतात ना."

आता मात्र काही जण खुर्चीवरून घसरले. ऑर्लिन जेलीची बशी हातात धरून उभा होता तिथेच उभा राहिला. मग त्याचा आवाज चढला. तो कधी चढत नसे.

"ही सुती नाहीच! पाकिटावर खोटं लिहिलंय. नायलॉन मिसळलेलं असणार त्याच्यात. नायलॉन कुजतं का कधी? बाई, तुम्ही सांगा. नायलॉन कुजतं?"

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. त्या एक्याऐंशी वर्षांच्या होत्या, आणि तळघरातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच वाचायला शिकवलं होतं. "नाही" एवढं म्हणून त्यांनी विषय बदलला असता तर त्या दिवशी तो सुटला असता. चुकीच्या पाकिटाची गोष्ट महिनाभर चालली असती आणि विरली असती. बाईंना हे उमगलं. त्यांच्या मनात त्याच्याविषयी माया होती, आणि तरीही त्या उठल्या.

"पाचवीत आपण काय केलं होतं, ऑर्लिन?"

तो चड्डीकडे बघू लागला.

"कापडाचा धागा कसा ओळखायचा?"

"जाळून," तो म्हणाला.

"नायलॉन जळताना काय होतं?"

"वितळतं. काळी गोळी होते, कडक."

"आणि सूत?"

"राख होते. कागद जळल्यासारखा वास येतो."

"काड्या कोणाकडे आहेत?" बाईंनी विचारलं. वेदीवरच्या मेणबत्त्यांची काडेपेटी कोणीतरी आणून दिली. बाईंनी आपल्या बटव्यातली कात्री काढून चड्डीच्या पायाची कड दोन बोटं कापली आणि ती पट्टी ऑर्लिनच्या हातात दिली. "तूच कर. तुला येतं."

डेल हसायचा थांबला. मारित दाराशी उभी होती, तिने म्हटलं, "बाई, राहू द्या." बाईंनी ऐकलं नाही.

ऑर्लिनने बशी खाली ठेवली आणि पट्टी एका रिकाम्या कपावर धरून काडी ओढली. ज्योत पट्टीवर चढली. गोळी झाली नाही. पिवळा जाळ सरळ वर गेला, कागद जळल्याचा वास तळघरभर पसरला आणि कपात करड्या राखेची एक घडी पडली. ऑर्लिनने ती बोटाने दाबली. ती बोटाला लागली.

"सूत आहे," तो म्हणाला. विचारल्यावर उत्तर द्यायची त्याची सवय होती.

त्यानंतर चर्चमध्ये कोणी हसलं नाही. ते सगळं बाहेर झालं. सोमवारी सकाळी ती चड्डी कोठाराच्या झेंड्याच्या खांबावर होती आणि धान्याचे ट्रक खालून भोंगे वाजवत जात होते. ऑर्लिनने ती उतरवली नाही, उतरवायला गेला असता तर तेही बघितलं गेलं असतं. ती वाऱ्याने फाटेपर्यंत तिथे राहिली. ऑर्लिन कॉफीला जायचा बंद झाला. दुकानात पोरं त्याच्यामागे इलॅस्टिक वाजवायची. गावात 'ऑर्लिनसारखं स्वच्छ' असं म्हणायची रीत पडली, आणि ते चांगल्या अर्थाने नव्हतं.

नोव्हेंबरात तो बाईंच्या स्वयंपाकघरात आला तेव्हा टेबलावर कागद नव्हता, लेफ्साही नव्हतं. बाईंनी तसं मुद्दाम केलं होतं. ताट वाढून ठेवून नाही म्हणणं त्यांना जमलं नसतं.

ऑर्लिन टोपी हातात धरून बसला. "बाई, मला एक वर्ष द्या. जोलीन सांगेल तसं करतो. जमीन झाकणारी पिकं पेरतो, मोकळं ठेवणार नाही. एक वर्ष."

"तू रानमोहरी उभी राहू देशील?"

"देईन."

"रस्त्याकडेची?"

तो उत्तर द्यायला तोंड उघडून थांबला. बाईंनी वाट पाहिली. खोटं बोलणं त्याला लहानपणापासून जमत नसे. वाऱ्याचं खोटंही त्याला जमलं नव्हतं.

"कडेकडेने थोडं मारावं लागेल," तो शेवटी म्हणाला. "फक्त कडेने, बाई. लोक..."

"जमीन मी मारितला कसायला देतेय," बाई म्हणाल्या. "कालच सही झाली."

तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाला, "तुम्हीच तर लिहिलं होतंत." काय लिहिलं होतं ते तो बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती, दोघांनाही ते भोक पडलेलं पान आठवत होतं. बाईंनी उठून त्याचा कोट खुंटीवरून काढून दिला, शाळेत द्यायच्या तसा, आणि गळ्याशी बटण लावायला हात पुढे केला. तो एक पाऊल मागे सरला. बटण त्याने स्वतःच लावलं.

वसंतात तो मारितकडे गेला. पेरणीचं यंत्र मी चालवतो, मजुरी नको, नुसतं चालवतो, असं म्हणाला. मारित खताच्या पोत्यावर बसून पाव खात होती.

"नको," ती म्हणाली.

"तुझ्यापेक्षा सरळ ओळी काढीन."

"म्हणूनच नको, बाबा. तुम्ही माझ्या पाठीमागे टाकी भरून आणाल."

त्याने नाही म्हटलं नाही. तिने उरलेला पाव त्याच्यापुढे धरला. तो त्याने घेतला नाही.

मारितच्या रानात दुसऱ्या वर्षी काही ठिकाणी वाटाण्याला गाठी धरल्या, काही ठिकाणी अजून नाहीत. जोलीन म्हणते, पुरतं सावरायला दहा वर्षं तरी लागतील. रस्त्याकडेला रानमोहरी आहे आणि डेल तिच्याबद्दल रोज बोलतो. बाई आता खिडकीशी कमी बसतात. ऑर्लिनने फवारणीचं यंत्र विकून टाकलं. गावातल्या आइस हॉकीच्या रिंगणात खेळाडूंनी उमटवलेल्या रेघा पुसून बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र तो चालवतो. हिवाळ्यात रोज दोनदा, आणि शनिवारी सामने असतात तेव्हा चारदा.